कळवलं आहे

मास्तर हा काही शाळेतला मास्तर नव्हे. एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून कोड लिहिणारा माणूस, तिशी ओलांडलेला, किडकिडीत. पण साधी खिडकी कशी लावायची हे सांगतानासुद्धा फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा सांगायचा, म्हणून नाव पडलं मास्तर. आधी ते चहाच्या मशीनपाशी पडलं, मग मॅडमच्या तोंडात बसलं, आणि शेवटी बाहेरून येणारी माणसंही ‘मास्तर आहेत का जागेवर’ असं विचारायला लागली. सुरुवातीला तो चिडला. चिडल्यावर लोक आणखी चेकाळतात हे कळलं, तसा गप्प बसला.

या मास्तरनं एकदा मीटिंगमध्ये सपाटून मार खाल्ला होता. काम एका हॉस्पिटलचं होतं. त्यांच्या आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांचा हॉल होता. तिथं पूर्वी वॉर्डबॉय दार उघडून ओरडायचा, ‘बेड नंबर सात’. अर्धा हॉल धडपडत उभा राहायचा, कारण आपलाच नंबर पुकारलाय असं प्रत्येकाला वाटायचं. हॉस्पिटलच्या अधीक्षकांना ते फार गावठी वाटे. त्यांचं म्हणणं, आजच्या काळात ओरडायचं कशाला, ज्यानं त्यानं आपल्या फोनवर बघावं. प्रत्येक बेडपुढे एक ओळ. आत सिस्टरनं बटण दाबलं की ओळ बदलणार, बाहेर नातेवाइकांना समजणार. एवढंच काम.

एवढंच काम, पण त्यात एक पेच होता. ते पान तयार कुठं करायचं? हॉस्पिटलच्या सर्व्हरनं पान पुरतं तयार करून पाठवायचं आणि फोननं ते नुसतं दाखवायचं, हा एक रस्ता. दुसरा रस्ता असा की फोनकडे आधी भलाथोरला कोड पाठवायचा, मग माहिती पाठवायची, आणि फोननं आपलं पान आपण जुळवून घ्यायचं. मास्तर उठला, सवयीप्रमाणे फळ्यावर दोन चौकोन काढले आणि म्हणाला, “वाढलेलं ताट द्यायचं, की शिधा देऊन सांगायचं घ्या तुमचं तुम्ही शिजवून, एवढाच प्रश्न आहे. ज्याच्या घरी चूल धड पेटत नाही, त्यानं शिधा घेऊन करायचं काय?”

“मास्तर, आजकाल कोणाच्या घरी चूल पेटत नाही हो?” मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मास्तरही हसला. न हसून सांगतो कोणाला.

आता मॅडम काही मूर्ख नव्हत्या. मास्तरच्या टीमच्या त्या प्रमुख, आणि अशी पन्नास कामं त्यांच्या हाताखालून गेलेली. हॉस्पिटलचा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता, जुनाट, आणि रक्तालघवीचे सगळे रिपोर्ट त्याच्यावरच चालायचे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्यांनी आधीच कानाला हात लावले होते. त्याच्यावर आणखी कणभर भार टाकाल तर रिपोर्ट अडकतील, आणि रिपोर्ट अडकले तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. यावर मास्तर काय बोलणार? तरी बोलला. म्हणाला, दहा-बारा ओळींचं पान, एकदा बनवून ठेवलं की तेच सगळ्यांना द्यायचं, कसला आलाय भार. पण तोवर अधीक्षकांच्या हातात नमुन्याचा फोन गेला होता. नवा कोरा फोन, ऑफिसचं जोरदार नेट. अधीक्षक बोटानं पान वर सरकवत होते, खाली सरकवत होते, पुन्हा वर. “वा,” ते म्हणाले, “लोण्यासारखं सरकतंय.” झालं. लोण्यापुढे मास्तरच्या चौकोनांना कोण विचारतो.

वर आणखी एक काम त्याच्याच गळ्यात पडलं. फोन पान जुळवत असतो तोवर पडद्यावर काय दाखवायचं? कोरं पान दिसलं की माणूस घाबरतो. म्हणून ओळींच्या जागी करड्या पट्ट्या काढायच्या आणि त्यांच्यावरून एक फिकट उजेड डावीकडून उजवीकडे सरकत ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी चाललंय, थांबू या. मास्तरनं त्या पट्ट्या जीव ओतून केल्या. काम मनाविरुद्धचं असलं तरी वाईट करणं त्याला जमायचंच नाही. उजेड इतका शांत सरकायचा की मॅडमनी सगळ्या ऑफिसला बोलावून दाखवला. आणि सिस्टरच्या पडद्यावर, तिनं बटण दाबलं की हिरव्या खुणेशेजारी शब्द उमटायचे: ‘कळवले आहे’.

वर्ष सरत आलं तेव्हा मास्तरच्या आईला त्याच हॉस्पिटलात आणलं.

घराजवळचं मोठं हॉस्पिटल तेच, दुसरीकडे जायला वेळही नव्हता. साधा खोकला म्हणून आठवडाभर अंगावर काढला होता तिनं. ती तशीच. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, आधी तुझ्या बाबांना ने, ते जास्त खोकतात. सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, श्वास पुरत नाही रे. दुपारपर्यंत ती काचेच्या दाराआड होती, अकरा नंबरच्या बेडवर.

डॉक्टर बाहेर येऊन एकदाच बोलले. तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. फुप्फुसं दमली आहेत, बहुतेक श्वासनळीत नळी घालावी लागेल. एकदा नळी गेली की बोलता येणार नाही, शिवाय झोपेचं औषध देऊन ठेवतात. “त्याआधी तुम्हाला थोडा वेळ आत सोडू,” ते बाबांना म्हणाले. “बोलून घ्या. इथंच थांबा, फोनवर कळवतो.”

मास्तरचे बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात आयुष्यभर नोकरी केलेले. अंगानं दणकट, बोलण्यात तुटक. नवराबायकोचं बोलणं म्हणजे ‘भाजी काय आणू’ आणि ‘दार लावलं का’, यापलीकडे मास्तरनं कधी ऐकलं नव्हतं. पण डॉक्टर गेल्यावर ते खुर्चीवर बसले आणि आपल्याशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, “मला तिला एक सांगायचंय.” काय, ते मास्तरनं विचारलं नाही. बापाला असं काही विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. पण त्याला एवढं समजलं की म्हाताऱ्याचा सगळा जीव आता त्या थोड्या वेळात गोळा झालाय. जे काय आयुष्यभर राहून गेलं ते नळीच्या आधी सांगायचंय.

हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांच्या रांगा होत्या, एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे टोकाच्या माणसानं कूस बदलली की सगळी रांग हलायची. भिंती जाड. नेट म्हणाल तर हॉस्पिटलचं फुकटचं, एवढ्या माणसांनी ओढून ओढून पार वाळून गेलेलं. भिंतीतल्या एका प्लगवर चार्जरचा गुंता लोंबत होता. दाराशी स्टुलावर वॉचमन बसलेला, त्याचं काम एकच: फोनवर बोलावणं दाखवणाऱ्याला आत सोडायचं, बाकीच्यांना नाही. कोणी काही विचारलं की तो म्हणे, “फोनवर बघा.” तो तरी दुसरं काय सांगणार, त्याला तेवढंच शिकवलेलं.

मास्तरनं बाबांच्या फोनवर पान उघडून दिलं. फोन म्हणजे मास्तरनंच वापरून टाकलेला, काच तडकलेला. पडद्यावर करड्या पट्ट्या आल्या आणि उजेड सरकायला लागला.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“पान यायचंय अजून. येईल. अकराच्या पुढे बोलावणं दिसलं की त्या दाराशी जाऊन फोन दाखवायचा.”

“हलतंय ते.”

“हो. चालू आहे म्हणून हलतंय.”

तेवढ्यात मास्तरच्या फोनवर औषधांची चिठ्ठी आली. आयसीयूतून लिहिलेलं ताबडतोब आणून द्यायचं होतं आणि औषधांचं दुकान तळघरात. चिठ्ठी फोनवर, म्हणजे फोन बरोबर न्यायलाच हवा. बाबांच्या फोनवर उजेड सरकतच होता. आत्ता येईल पान, एवढ्याशा तर ओळी आहेत, असं म्हणून तो जिना उतरला. खाली रांग होती. खाली सिग्नल नव्हता. पुढचा माणूस चष्मा विसरून आला होता आणि दुकानदाराकडून प्रत्येक गोळीचं नाव वाचून घेत होता. मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. करणार काय?

वर येताना जिन्याच्या वळणावर सिग्नल आला आणि त्याच्या फोनवर पान झटकन उघडलं. फोन नवा होता ना त्याचा. अकरा नंबरपुढे लिहिलं होतं, ‘उपचार सुरू’. आणि खाली, मागच्या नोंदींत, बारीक अक्षरात: ‘नातेवाइकांनी भेटायला यावे. कळवले आहे.’ हिरवी खूण. तो जिना उतरला त्यानंतर लगेचच केव्हातरी ती नोंद पडली होती.

मास्तर उरलेल्या पायऱ्या पळत चढला. बाबा भेटून आले असतील, आत्ता डोळे पुसत बसले असतील, असंच त्याच्या मनात. पण बाबा होते तसेच बसले होते, पाठ ताठ, फोन दोन्ही तळव्यांवर आडवा धरून, नजर पडद्यावर. दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं. एवढं कशाला, कोणी कुजबुजलं असतं तरी ऐकू आलं असतं.

“बाबा, बोलावलं होतं.”

“कोणी?” बाबा म्हणाले. “नाही बोलावलं. मी नजर काढली नाही यावरून. बघ की, चालूच आहे अजून.”

त्यांनी फोन पुढे केला. पट्ट्यांवरून उजेड डावीकडून उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडून निघाला.

औषधं घ्यायला सिस्टर दारात आली. दमलेली, कपाळावर मास्कचा वळ. मास्तरनं विचारलं, अकरा नंबर. ती म्हणाली, “नळी घातली. आम्ही थांबलो होतो हो, जेवढं थांबता येतं तेवढं. तुम्ही कुठं गेला होतात? मीच दारापर्यंत येणार होते, पण त्यांचा ऑक्सिजन उतरत होता, हात काढता येईना.” मग बाबांकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. “मावशी विचारत होत्या, हे बाहेर आहेत ना म्हणून. दोनदा विचारलं. मी म्हटलं, कळवलंय, येतीलच.”

दार बंद झालं.

बाबा म्हणाले, “कळवलं म्हणते.”

“हो.”

“मग मला कसं नाही कळलं?”

कळवलं आणि कळलं. एका अक्षराचा काय तो फरक. सगळं ऑफिस, मॅडम, अधीक्षक, हिरवी खूण, सगळे त्या अक्षराच्या एका बाजूला आणि हा म्हातारा एकटा दुसऱ्या बाजूला. मास्तरला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं, कोड किती जड, फोन किती जुना, नेट किती मेलेलं, चूल का पेटली नाही. जगातल्या कुठल्याही माणसाला समजावता आलं असतं. या एकाला कसं समजावणार?

“पंपघरात असंच असायचं,” बाबाच सांगायला लागले. तक्रार म्हणून नव्हे, आपलं कुठं चुकलं ते शोधत होते बिचारे. “काटा थरथरत असला की पाणी चढतंय म्हणायचं. तो चालू असताना हात लावायचा नाही, खुर्ची सोडायची नाही. काटा थांबला तर पळायचं. मी म्हटलं, हलतंय तोवर आपण हलायचं नाही.” मग म्हणाले, “माझंच चुकलं. दाराशी जाऊन विचारायला हवं होतं.”

“तुमचं नाही चुकलं, बाबा.”

“मग कोणाचं?”

मास्तर कॉरिडॉरमध्ये गेला आणि मॅडमना फोन लावला. मॅडम ऐकत राहिल्या. खरोखर हळहळल्या. आईंना कसं आहे, कोण आहे सोबत, काही लागलं तर सांग, सगळं विचारलं. मास्तर म्हणाला, “मॅडम, ते पान सर्व्हरवरून द्या. आजच. मी इथून बसून लिहून देतो.”

“अरे, सर्व्हर त्यांचा आहे. आपण हात कसा लावणार? त्यांची परवानगी, मग चाचण्या, मग परत ते रिपोर्टचं गाऱ्हाणं. तू ओळखतोस ना सगळ्यांना.”

“साधं पान, मॅडम. नुसत्या ओळी.”

“मला पटतंय रे. तेव्हाही निम्मं पटलं होतं.” त्या म्हणाल्या. “पण आपल्या नोंदींत सगळं बरोबर दिसतंय, मी आत्ताच उघडून बघितलं. निरोप वेळेवर गेलाय. बिघाड झाला असता तर मी आत्ता त्यांना फोन केला असता. बिघाडच नाहीये, मास्तर. काय सांगू त्यांना?”

काय सांगणार खरंच. कुठलंच यंत्र बिघडलं नव्हतं. मास्तरला वाटलं, बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं. भिंतीला डोकं टेकून तो रडला. मग तोंड धुऊन हॉलमध्ये परत आला.

बाबांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मुलगा आत नऊ नंबरला. तिनं मास्तरच्या फोनकडे बघितलं. “बाळा, तुझं उघडतंय वाटतं. माझ्यावर सकाळपासून नुसती आगगाडी चाललीय. नऊचं बघतोस?”

मास्तरनं बघितलं. “प्रकृती स्थिर, मावशी.”

“देव तुझं भलं करो. पुन्हा बघशील ना थोड्या वेळानं?”

पलीकडच्या रांगेतून कोणी दोन विचारलं, कोणी सहा. बघता बघता मास्तर मध्ये उभा आणि भोवती माणसं. एकेकाला सांगण्यात त्याचा आवाज बसायला लागला, तेव्हा तो भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि वरून खालपर्यंत सगळी यादी मोठ्यानं वाचली. “एक, तपासणी सुरू. दोन, प्रकृती स्थिर. तीन, उपचार सुरू.” बघा आता, ज्या कामासाठी त्यानं मीटिंगमध्ये दोन चौकोन काढले होते, ते काम तो स्वतः तोंडानं करत होता: एकदा घ्यायचं, सगळ्यांना तयार द्यायचं. वॉचमन उठून आला, म्हणाला, इथं ओरडायची परवानगी नाही. हॉलनं त्याच्याकडे असं बघितलं की तो परत स्टुलावर जाऊन बसला, आणि पुढच्या वाचनाला म्हणाला, “जरा मोठ्यानं वाचा हो, मागं ऐकू येत नाही.”

बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत. अकरा आलं की मान किंचित पुढे करत. ‘अकरा, उपचार सुरू.’ मान पुन्हा मागे.

तिसऱ्यांदा वाचताना चार नंबरची ओळ बदललेली दिसली. ‘नातेवाइकांनी आत यावे, डॉक्टर बोलतील.’

ती ओळ मास्तरला चांगली माहीत होती. कोडमध्ये ती त्यानंच घातली होती. माणूस गेला असं फोनवर लिहायचं नाही, हे अधीक्षकांनी बजावून सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून त्यासाठी ही ओळ. ती फक्त त्यासाठीच. ज्यांना ती येई त्यांना आतल्या बाजूच्या खोलीत नेत आणि मागच्या जिन्यानं खाली सोडत, म्हणजे हॉलमधल्या बाकीच्यांच्या काळजाला धक्का नको. त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्या कोणालाही त्या ओळीचा अर्थ माहीत नव्हता. वॉचमनला होता, आणि मास्तरला.

चार नंबरचे दोघे भाऊ होते. मास्तरनं ओळ होती तशी वाचली, त्याच आवाजात. दुसरं काय करणार होता? ते दोघे लगबगीनं उठले, एकानं जाताना मास्तरच्या खांद्यावर थोपटलंही. दार उघडलं, मिटलं.

“नशीबवान आहेत,” बाबा म्हणाले. “बोलावलं त्यांना.”

 मास्तरनं पाच वाचलं, सहा वाचलं. लोक तोंडाकडे बघत होते.

उन्हं कलली, हॉलमधले दिवे लागले. नऊ नंबरच्या मावशीनं डब्यातलं बाबांपुढे केलं, बाबांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही, मग दोन घास खाल्ले. बाबांच्या फोनची बॅटरी संपत आली होती, तरी त्यांनी तो मिटला नव्हता. मास्तर म्हणाला, बाबा, बंद करा आता ते, मी वाचतोय ना. ते म्हणाले, असू दे, एखाद्या वेळी येईलही.

“वाचा हो मास्तर,” मागून कोणीतरी म्हणालं. त्याचं नाव इथंही कसं कोण जाणे पसरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. वाचायच्या पद्धतीवरूनच ठेवलं असणार.

मास्तर उठला. एक वाचलं. दोन वाचलं. चारसमोर आता ‘बेड रिकामा’ होतं, ते त्यानं गाळलं. नऊ वाचलं, स्थिर. मावशीनं डोळे मिटून हात जोडले. दहा वाचलं.

मग तो थांबला.

हॉल वाट बघत होता. कोणाला वाटलं नेट गेलं. बाबांनी मान पुढे केली होती. “अकरा?” ते म्हणाले. “अकराचं काय म्हणतंय रे?”

काहीही सांगता आलं असतं. उपचार सुरू म्हणता आलं असतं, पान अडकलंय म्हणता आलं असतं. पण दिवसभर तो असलेलं तसं वाचत आला होता, आणि जीभ आपोआप त्याच वळणानं गेली. “अकरा,” तो म्हणाला, “नातेवाइकांनी आत यावे.” पुढचे दोन शब्द तोंडातून बाहेर पडलेच नाहीत.

बाबा उठले. मास्तरनं त्यांना इतक्या चटकन उठताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. सगळी रांग हलली. “मावशी, ही पिशवी बघा जरा,” ते शेजारणीला म्हणाले, “आमच्या हिला भेटून येतो.” मावशी म्हणाली, “जा, जा. सावकाश बोला.” मागच्या रांगेतल्या एकानं हसून मान हलवली, म्हाताऱ्याला बोलावलं एकदाचं, असं. बाबांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. खिशातून छोटा कंगवा काढून केस मागे बसवले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग काढलं.

“नीट दिसतोय ना रे?”

“हो, बाबा.”

“नळी आहे म्हणजे तिला बोलता येणार नाही,” चालता चालता ते म्हणाले. “नसू दे. मलाच बोलायचंय. ऐकू तर येतं ना त्यांना, झोपेचं औषध दिलं तरी? कोणीतरी म्हणालं मघाशी, ऐकू येतं म्हणून.”

मास्तरनं वॉचमनला फोन दाखवला. वॉचमननं ओळ पूर्ण वाचली, मास्तरच्या तोंडाकडे बघितलं, बाबांच्या विंचरलेल्या केसांकडे बघितलं, आणि दार उघडून धरलं.

मास्तर बाबांच्या मागोमाग आत जायला निघाला, तसे ते वळले. दंडावर हात ठेवून त्यांनी त्याला थांबवलं. जरा लाजल्यासारखे झाले होते.

“तू थोडा वेळ बाहेर थांब,” ते म्हणाले. “आधी मला एकट्याला बोलू दे तिच्याशी.”